सही ग्राहकाची, प्रमाणपत्र कोणाचे?

स्कायडायव्हिंगच्या केंद्रावर पोहोचलेल्या नवख्या माणसापुढे सर्वांत आधी एक कागद येतो. या खेळात इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो, याची पूर्ण कल्पना असून आपण उडी मारत आहोत, अशा आशयाचा मजकूर आणि खाली सहीसाठी जागा. डोळे धावपट्टीवरच्या विमानाकडे लागलेले असतात, त्यामुळे बहुतेक जण मजकूर न वाचताच सही करून मोकळे होतात. थोड्या वेळाने तोच माणूस दहा-तेरा हजार फुटांवर, खांद्यापाशी दोन आणि कमरेपाशी दोन अशा चार कड्यांनी एका अनोळखी प्रशिक्षकाच्या छातीशी जखडलेला असतो. त्या प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र त्याने पाहिलेले नसते. ते मागावे, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

धोका मान्य असल्याची सही ग्राहकाकडून घ्यायची आणि आपल्या पात्रतेचा पुरावा मात्र त्याला दाखवायचा नाही, ही पद्धत बदलायला हवी. भारतात हवाई साहसी खेळांचा बाजार वाढतो आहे, म्हणून ही मागणी आत्ताच करायला हवी.

पात्रतेच्या कागदाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील लोडाय गावाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २०१६ रोजी तिथल्या केंद्रातून १८ वर्षांचा एक मुलगा आयुष्यातली पहिली टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला जोडून घेतलेली, उडी मारायला गेला. पॅराशूट उघडले नाही. मुलगा आणि त्याचा प्रशिक्षक दोघेही दगावले. या प्रशिक्षकाकडे टँडम उडीसाठी लागणारी वैध मान्यताच नव्हती, असे चौकशीत निघाले. ज्या परीक्षकाकडून त्याने प्रशिक्षण घेतले, त्या परीक्षकाची स्वतःची मान्यता त्याआधीच निलंबित झाली होती आणि प्रमाणपत्रांसाठी तो दुसऱ्याच परीक्षकाची सही वापरत होता. २०२४ मध्ये या परीक्षकाला फसवणूक आणि दुसऱ्याची ओळख वापरल्याच्या गुन्ह्यांत दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा झाली. मधे आठ वर्षे गेली होती.

अमेरिकेतला नियम कच्चा होता, असे मुळीच नाही. टँडम उडी घेणाऱ्या प्रशिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव, ५०० उड्या, सर्वोच्च श्रेणीचा परवाना आणि टँडमचे वेगळे प्रशिक्षण लागते, हे तिथल्या केंद्रीय विमान वाहतूक नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. पण प्रशिक्षकांच्या दैनंदिन तपासणीचा भार युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन या खेळाडूंच्या संघटनेवर आहे आणि केंद्रांना तिचे सदस्यत्व घेण्याची सक्ती नाही. लोडायचे केंद्र तिचे सदस्य नव्हते. ग्राहकाला यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तरीही अमेरिकेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९७० च्या दशकात त्या देशात स्कायडायव्हिंगमध्ये वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसे मरत होती. २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि मृत्यू झाले १०. हा बदल खेळाडूंचे धाडस वाढल्यामुळे झालेला नाही. बिल बूथ यांनी तयार केलेल्या तीन कड्यांच्या रचनेमुळे बिघडलेले मुख्य पॅराशूट एका झटक्यात सोडून देता येऊ लागले. १९९१ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचे ‘सायप्रेस’ हे यंत्र आले. उडी मारणारा बेशुद्ध पडला किंवा गोंधळून गेला, तर जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवर हे यंत्र राखीव पॅराशूट आपोआप मोकळे करते. राखीव पॅराशूटची घडी परवानाधारक रिगरने, म्हणजे या कामातल्या तज्ज्ञानेच घालायची, दर १८० दिवसांच्या आत ती पुन्हा घालायची आणि तारखेसह नोंदपत्रावर सही करून पिशवीला सील लावायचे, असा तिथे दंडक आहे.

या साधनांइतकेच मोठे काम तिथल्या नोंदींनी केले. खेळाडूंची संघटना दर वर्षीच्या मृत्यूंचा आढावा छापते. उडी किती अनुभवी माणसाची होती, पॅराशूट किती उंचीवर उघडले, चूक कुठे झाली, हे मृताचे नाव न घेता सांगितले जाते. त्या नोंदींतूनच लक्षात आले, की आता अनेक माणसे पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली मरत आहेत. जमिनीजवळ वेगात घेतलेले एक वळण त्यांचा घात करते. हे कळल्यावर वरच्या श्रेणीच्या परवान्यासाठी पॅराशूट हाताळण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण आवश्यक झाले. मृत्यूंची नोंदच झाली नसती, तर सगळे लक्ष पॅराशूट उघडते की नाही, एवढ्यावरच खिळून राहिले असते.

विमानाचा विचार तर ग्राहकाच्या मनातही येत नाही. जून २०१९ मध्ये हवाई बेटांवर स्कायडायव्हर घेऊन निघालेले विमान उड्डाण करताच कोसळले आणि आतले अकराही जण ठार झाले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये उमेओजवळ अशाच विमानातले नऊ जण गेले आणि २०२१ मध्ये त्याच देशात ओरेब्रो येथे आणखी नऊ. हवाईच्या अपघातात वैमानिकाने उड्डाण करतानाच विमान आक्रमकपणे वळवले होते आणि त्या विमानाचा डावा पंख आधीपासूनच पिळवटलेला होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने हे नोंदवलेच, शिवाय अशा उड्डाणांवर देखरेख ठेवण्याची आपल्याच देशाच्या विमान नियामकाची व्यवस्था अपुरी आहे, असेही अहवालात लिहिले. तो अहवाल कोणालाही वाचता येतो.

भारतात केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणले. स्कायडायव्हिंग, पॅराग्लायडिंग, पॅरामोटरिंग, बलून अशा अकरा खेळांचा त्यात समावेश आहे. शिखरावर एअर स्पोर्ट्स फेडरेशन ऑफ इंडिया, तिच्या खाली प्रत्येक खेळाची राष्ट्रीय संघटना, मग प्रादेशिक किंवा राज्य पातळीवरच्या संघटना आणि शेवटी जिल्हा संघटना, असा चार पायऱ्यांचा आराखडा ठरला. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२१ मध्ये, साहसी पर्यटनाचे धोरण करून आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर मध्य प्रदेशात स्कायडायव्हिंग महोत्सव होतो, हरयाणात नारनौलला उड्या होतात, लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीतही टँडम उड्या झाल्या आहेत. म्हणजे हौस आहे, पैसे मोजण्याची तयारी आहे आणि धोरणही आहे.

या सगळ्याचा ग्राहकाला प्रत्यक्षात किती उपयोग होतो, याचे उत्तर जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात मिळाले. पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा नेपाळी पायलट दोघेही मृत्युमुखी पडले. ते उड्डाण बेकायदा असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि चालकावर गुन्हा नोंदवला. त्याच दोन दिवसांत हिमाचल प्रदेशात कुल्लू आणि धरमशाला परिसरात पॅराग्लायडिंग करणारे आणखी दोन पर्यटक गेले. खेळ वेगळा असला तरी ग्राहकाची अडचण तीच. ज्याच्या भरवशावर आपण हवेत झेपावतो आहोत, त्याला तशी परवानगी आहे की नाही, हे तिथल्या तिथे कसे कळावे? पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यातून दोषी कोण, हे ठरते. दोरी, हार्नेस, वारा की निर्णय, नेमके काय चुकले आणि पुढच्या चालकाने काय टाळावे, हे त्यातून कळत नाही.

साहस म्हटले की धोका आलाच, सज्ञान माणसाने तो पत्करला तर सरकारने मधे का पडावे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पुण्याच्या स्कायडायव्हर पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा त्यांच्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. साडीवर पॅराशूट, हार्नेस आणि संपर्क यंत्रणा कशी बसवायची, याचा निर्णय त्यांना स्वतःला घेता येत होता. टँडम ग्राहकाला जमिनीवर काही मिनिटांच्या सूचना मिळतात आणि वर गेल्यावर सगळे निर्णय दुसराच घेतो. त्याची संमती खरी ठरायची असेल, तर सही करण्याआधी त्याच्या हातात माहिती असली पाहिजे.

जादा नियमांनी छोटे क्लब मरतील, ही भीतीही खोटी नाही. विमान, इंधन, धावपट्टीचे भाडे हा खर्च आधीच मोठा आहे. पण इथे मागितले जाते आहे ते स्वस्त आहे. हॉटेलला अन्न परवाना दर्शनी भागात लावावा लागतो, तसाच प्रशिक्षकाचा परवाना, त्याची मुदत, राखीव पॅराशूटची घडी घातल्याची तारीख आणि विमान व वैमानिकाची मान्यता प्रत्येक केंद्राने नोंदणीच्या टेबलाशेजारी लावावी. हीच माहिती फेडरेशनच्या सार्वजनिक यादीत असावी, म्हणजे पुण्यात किंवा पणजीत बसलेल्या माणसाला पैसे भरण्याआधी फोनवर ती पडताळता येईल. आणि दर वर्षी प्रत्येक मृत्यूचा, गंभीर जखमेचा आणि थोडक्यात टळलेल्या अपघाताचा कारणांसह आढावा, नावे वगळून, मराठी-हिंदीसह प्रसिद्ध व्हावा.

यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्र आणि गोव्याच्या पर्यटन खात्यांनी येत्या हिवाळी हंगामाआधी आपापल्या नोंदणीकृत हवाई साहस चालकांची यादी प्रशिक्षकांच्या परवान्यांच्या मुदतीसह जाहीर करावी आणि केरीच्या अपघातात तांत्रिकदृष्ट्या काय चुकले, याचा अहवाल तिच्यासोबत जोडावा.