जर्मेनियमचा सोस आणि राजूरचा मे महिना

गिटारचा आवाज फाडणारं फझ पेडल घरच्या घरी बनवू पाहणाऱ्या पोरांना हल्ली एकच मंत्र दिला जातो: जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मिळाले तर बनव, नाहीतर सोल्डरिंग आयर्न तापवूच नको. लंडनच्या किंवा फार तर महाबळेश्वरच्या माणसाने तो जपला तर माझी काही हरकत नाही. पण तोच मंत्र वणी तालुक्यातल्या राजूरला, कोळशाच्या खाणी आणि चुनाभट्ट्यांच्या गावात, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा एखादा पोरगा प्रमाण मानतो आणि पगारातले पैसे साठवून जुन्या जर्मेनियमच्या जोडीसाठी शेकडो रुपये मोजतो, तेव्हा गप्प बसवत नाही.

समोरच्याचं म्हणणं अर्धवट सांगून खोडून काढणं सोपं असतं, म्हणून त्यांची बाजू आधी पूर्ण मांडतो. जर्मेनियमवाले तीन गोष्टी सांगतात. पहिली, फझचा आवाज जन्मला तोच जर्मेनियममधून. 1962 चं गिब्सनचं माएस्ट्रो एफझी-1, ज्यावर 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरावट वाजवली, ते जर्मेनियमचं. 1966 मध्ये लंडनच्या आर्बिटरने काढलेलं गोल थाळीसारखं फझ फेस, तेही जर्मेनियमचं. दुसरी, जर्मेनियमचा आवाज मऊ, सिलिकॉनचा कर्कश. तिसरी, गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की जर्मेनियमचं पेडल स्वच्छ बोलू लागतं, सिलिकॉनचं भुंकतच राहतं.

यातलं इतिहासाचं कलम आधी निकालात काढू, कारण तेच सर्वांत तकलादू आहे. 1961 मध्ये गाजलेलं मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ नॅशव्हिलला ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनेलचा ट्रान्सफॉर्मर बिघडल्यामुळे फाटला. लोकांना तो फाटका आवाजच आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने मग तोच परिणाम ट्रान्झिस्टरवर काढण्याची जुळणी केली आणि त्यातून माएस्ट्रो आलं. म्हणजे या घराण्याचा मूळ पुरुष जर्मेनियम नव्हेच, एक बिघडलेला ट्रान्सफॉर्मर आहे. जर्मेनियम आलं कारण त्या काळी स्वस्त आणि सहज मिळणारा ट्रान्झिस्टर तोच होता. आपल्याकडेही बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1962 मध्ये सेमीकंडक्टर बनवायला घेतले ते जर्मेनियमचेच. सिलिकॉन हाताशी येताच खुद्द फझ फेसने दोन-तीन वर्षांत कूस बदलली आणि त्यात बीसी 183, बीसी 108 बसू लागले. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने पुढे सिलिकॉनचं फझ फेस वापरलं, पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बीसी 108 वालंच वापरलं, आणि 1969 चं बिग मफ तर पहिल्यापासून चार सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर उभं आहे. हे सगळे आवाज बेसूर म्हणायची कोणाची छाती आहे?

आता खरा मुद्दा, तापमानाचा. बेस मोकळा ठेवला तरी ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट झिरपत राहतो. त्याला रिपेअरिंगवाले लीकेज म्हणतात, आपण गळती म्हणू. सिलिकॉनमध्ये ती इतकी नगण्य की साध्या मल्टिमीटरवर दिसतही नाही. जर्मेनियममध्ये ती चांगली मोजण्याजोगी असते, आणि दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. राजूरला डिसेंबरच्या रात्री पारा पंधराच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणं ही बातमी राहिलेली नाही. पंधरा अंशांना 100 मायक्रोअँपिअर गळणारा नग, म्हणजे निवडून घेतलेला चांगला नग, पंचविसाला 200 गळेल, पस्तिसाला 400 आणि पंचेचाळिसाला 800.

हा आकडा कागदावर मोठा दिसत नाही. पण फझ फेसच्या सर्किटच्या नकाशात पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला 33 किलोओहमचा रेझिस्टर आहे. नऊ व्होल्टला तेहतीस हजारांनी भागा: त्या वाटेने कितीही ताणलं तरी 270 मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही. पहिल्या नगाचं सगळं काम या 270 च्या आत चालतं. 100 किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर गळतीचा थोडा भाग ओढून घेतो हे खरं, पण 800 पुढे त्याचं काही चालत नाही. ट्रान्झिस्टर गळतीनेच पूर्ण उघडा पडतो, दुसऱ्या नगाला बेस करंट पोचत नाही, आणि सूर तुटक, घशात अडकल्यासारखा निघतो, किंवा निघतच नाही. वर पेडल लोखंडी नाहीतर अॅल्युमिनियमच्या डब्यात, डबा मांडवात, मांडव पत्र्याचा, आणि शेजारी हॅलोजन लाइट. लग्नाचा हंगामही नेमका एप्रिल-मे. हिवाळ्यात घरी बसून कौतुकाने जुळवलेलं पेडल पहिल्याच सुपारीला मान टाकतं, आणि मग पोरगा कधी बॅटरीला, कधी केबलला शिव्या घालत बसतो.

सिलिकॉनवर उष्णतेचा परिणाम होतच नाही असं मी म्हणत नाही. त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे दोन मिलिव्होल्टने उतरतो. तीस अंशांच्या फरकाला साठ मिलिव्होल्ट. तेवढ्याने पेडल बंद पडत नाही, कान फार तिखट असेल तर किंचित फरक कळेल.

दुसरं खूळ नंबरांचं. एनकेटी 275 आणि एसी 128 या जर्मेनियमच्या नंबरांना हल्ली देवघरात बसवलंय. खरं तर जर्मेनियमच्या काळात एकाच नंबराच्या, एकाच खोक्यातल्या दोन नगांचा गेन (बेसचा करंट किती पट होऊन कलेक्टरला येतो तो आकडा) चाळीस आणि एकशे साठ निघाला तर कारखान्याला त्यात वावगं वाटत नसे. नंबर म्हणजे जातीचा दाखला, गुणपत्रिका नव्हे. त्यात नवी छपाई मारलेले नग बाजारात फिरतात ते वेगळंच. भंगारातल्या रेडिओतून काढलेले तर आणखी बेभरवशाचे: एसी 128 हा रेडिओच्या आउटपुटला बसायचा, वर्षानुवर्षं तापलेला असतो. एएफ 117 सारख्या जुन्या नगांमध्ये तर डब्याच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि पाय आतल्या आत शॉर्ट होतात. वापरला असो वा नसो, नुसता पडून राहिला तरी जातो.

आणि हे नग तपासायचे कशावर, तर मल्टिमीटरच्या एचएफई खाचेत! ही खाच जर्मेनियमच्या बाबतीत सरळ खोटं बोलते. मीटर बेसला साधारण दहा मायक्रोअँपिअर देतो आणि कलेक्टरला जे येईल ते गेन म्हणून दाखवतो. नग 400 मायक्रोअँपिअर गळत असेल तर चाळीसचा फुकट गेन त्यात मिळवलेला असतो. पोरगा म्हणतो, वा, एकशे दहा! प्रत्यक्षात सत्तर.

आता कर्कशपणा. या आरोपात तथ्य आहे, पण आरोपी चुकीचा पकडलाय. होतं असं की लोक जर्मेनियमच्या नकाशात सिलिकॉनचे नग तसेच डकवतात आणि ऐकून नाक मुरडतात. जर्मेनियमचा बेस-एमिटर व्होल्टेज 0.2 ते 0.3, सिलिकॉनचा 0.6 ते 0.7. या फरकामुळे दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधून जास्त करंट वाहतो, आणि त्याचा 8.2 किलोओहमचा रेझिस्टर तोच ठेवला तर कलेक्टरवर साडेचारऐवजी दोन-तीन व्होल्टच उरतात. लाटेची एक बाजू लवकर छाटली जाते, आवाज तुसडा होतो. दोष रेझिस्टर न बदलणाऱ्याचा, शिक्षा सिलिकॉनला. दुसरं कारण गेन. बीसी 108 सी किंवा बीसी 547 सीचा गेन 420 ते 800 च्या घरात, जर्मेनियमच्या चांगल्या जोडीचा सत्तर ते एकशे तीस. पाचपट गेन लावायचा आणि वर म्हणायचं ओरडतो! तिसरं कारण, सिलिकॉन फार वरच्या कंपनसंख्येपर्यंत काम करतो, जर्मेनियम त्याआधीच थकतो. म्हणून वरचं खरखरणं सिलिकॉनमध्ये जसंच्या तसं बाहेर येतं, आणि जवळचं रेडिओ स्टेशनसुद्धा कधीकधी घुसतं. तिन्हींवर उपाय आहेत आणि ते दहा रुपयांच्या आतले आहेत.

व्हॉल्यूम उतरवल्यावर स्वच्छ होण्याचा गुण मात्र मी नाकारत नाही. त्यात जर्मेनियम सरस आहे. सिलिकॉनमध्ये पहिला नग कमी गेनचा घेतला तर पुष्कळसं जवळ जाता येतं, पण अगदी तिथे नाही. वातानुकूलित स्टुडिओत बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्याने या गुणासाठी जर्मेनियम जरूर घ्यावं. आमचं भांडण मांडवातल्या पेडलचं आहे.

मग निवडायचं काय? माझं उत्तर: एनपीएन सिलिकॉन, मध्यम गेनचा, मोजून घेतलेला. बीसी 547 वर ए, बी, सी असं अक्षर असतं ते आधी वाचा. ए म्हणजे 110 ते 220, बी म्हणजे 200 ते 450. पहिल्या जागी ए, दुसऱ्या जागी बीमधला खालच्या अंगाचा. ए मिळाला नाही तर 2एन2222 पाहा, त्यात शंभर-दीडशेचे नग निघतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ओळखीचा, गोल टोपीचा एसएल 100 सुद्धा मोजून पाहायला हरकत नाही. आणि भंगारातच हात घालायची हौस असेल तर जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या बोर्डावरचे बीसी 148 काढा. ज्या बीसी 108 साठी परदेशी मंडळी पैसे ओततात त्याचाच हा प्लास्टिकच्या अंगरख्यातला भाऊ, आणि आपल्याकडच्या रेडिओ-टीव्हीत तो खंडीने बसवलेला आहे. पायांचा क्रम मात्र प्रत्येकाचा वेगळा, तो पाहूनच लावा. बीसी 547 ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

मोजायची रीत साधी आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, कलेक्टर आणि प्लसच्या मध्ये 2.4 किलोओहम, एमिटर मायनसला. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचे व्होल्ट वाचा: ही गळती. सिलिकॉनला इथे शून्य दिसायला हवं, न दिसल्यास नग फेकून द्या. मग प्लसपासून बेसला 2.2 मेगाओहम जोडून पुन्हा वाचा. बेसला आता जेमतेम चार मायक्रोअँपिअर जातात. दोन वाचनांमधला फरक गुणिले शंभर, हा गेन. सव्वा व्होल्ट आला तर सव्वाशे. जर्मेनियमच घ्यायचं ठरवलेल्यानेही पीएनपी नगासाठी बॅटरी उलटी करून हीच रीत वापरावी, आणि ती मे महिन्यातल्या दुपारी वापरावी, म्हणजे वाद लवकर मिटेल.

जुळणी करताना 8.2 किलोओहमच्या जागी 10 किलोओहमचा प्रीसेट टाका आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरवा. सिलिकॉनला तो बहुधा पाच-सहा किलोओहमच्या आसपास थांबतो. खरखर उरली तर कलेक्टर आणि बेस यांच्यात 100 ते 470 पिकोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावा, कानाला पटेल तो ठेवा. एनपीएनचा आणखी एक फायदा, ज्याची वाच्यता जर्मेनियमवाले करत नाहीत: बाकीच्या पेडलांचा नऊ व्होल्टचा अॅडॉप्टर यालाही चालतो. जुन्या पीएनपी नकाशात प्लस जमिनीला असतो, त्यामुळे एकाच अॅडॉप्टरवर तो इतरांसोबत लावला की शॉर्ट होतो.

तेव्हा वणी-राजूरच्या पोरांनो, नागपूरला सीताबर्डीवर गेलात तर जर्मेनियमची विचारपूस करू नका. बीसी 547 ए आणि बी मिळून वीस नग, एक प्रीसेट आणि चार कपॅसिटर घ्या. सगळं मिळून शंभराच्या नोटेत बसतं. वीसही नग घरी मोजा, त्यातला एक ए पहिल्या जागी आणि खालच्या अंगाचा एक बी दुसऱ्या जागी लावा, आणि उरलेले डबीत ठेवा. पुढच्या पेडलला लागतील.