खुंटी आधी ठोका!

माहुरात पत्ता सांगणं सोपं. सुरुवात रेणुकामातेच्या पायऱ्यांपासून. ‘पायऱ्यांपासून एवढं खाली, मग उजवीकडं.’ सांगणारा आणि ऐकणारा एकाच जागेपासून मोजतात, म्हणून पाहुणा घरी पोचतो. एवढी अक्कल शिकलेल्या माणसांना का नसावी?

आमचा भाचा आर्किटेक्ट. माहूरच्या एका भक्तनिवासाचं मॉडेल त्यानं संगणकात उभं केलं. भिंती त्याच्या, खांब एका इंजिनिअरचे, नळ तिसऱ्याचे. तिन्ही मॉडेलं एकत्र केली, तर खांब शेजारच्या शेतात आणि नळ थेट ढगांत! माप कुणाचंच चुकलं नव्हतं. भाच्याचं शून्य इमारतीच्या कोपऱ्यात, इंजिनिअरचं हद्दीच्या दगडावर. उंचीसाठी दोघांनी जोत्याला शून्य धरलेलं, तर नळवाल्यानं मोजलेलं समुद्रसपाटीपासून.

‘‘नंतर जुळवू, मामा,’’ भाचा म्हणाला. या ‘नंतर’शीच माझं भांडण आहे.

‘‘मग पृथ्वीवरचे खरे आकडे घालू का?’’ तो चिडला. ‘‘यूटीएम पद्धतीत 78 रेखांशावर पट्टा बदलतो. माहूर 43व्या पट्ट्यात, शेजारचं किनवट 44व्यात. माहूरचा पूर्वेकडचा आकडा आठ लाख मीटरच्या पुढं, किनवटचा दोन लाखांच्या आसपास. एवढे आकडे घातले की पडद्यावरच्या रेघा थरथरतात!’’

थरथरू देत, पण त्यावर उपाय आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. इमारत सॉफ्टवेअरच्या शून्याजवळच काढायची. जागेवरचा एक पक्का दगड निवडायचा. त्याचा पट्टा, आकडे, उंची आणि खरी उत्तर एकदाच सॉफ्टवेअरला सांगायची, आणि पहिल्या भिंतीआधी तिघांनी तोच दगड मानायचा. काम अर्ध्या दिवसाचं. न केलं तर खड्डा भलतीकडं खणला जातो, आणि खणलेला खड्डा उंदीर फिरवून सरकत नाही.

याच 78 रेखांशाच्या आसपास कर्नल लॅम्ब्टननं हिंदुस्थान मोजत आणला. 1823 साली तो हिंगणघाटला वारला. पण 1802 मध्ये त्यानं आधी मद्रासजवळ एक रेषा जमिनीवर नीट मोजून घेतली होती. ‘नंतर जुळवू’ म्हटलं नव्हतं.

शेवटी भाच्याला शहाणपण शिकवलं ते गवंड्यानं. संगणकातली रंगीत इमारत त्यानं कौतुकानं बघितली आणि विचारलं,

‘‘झ्याक हाय साहेब. पण पहिली खुंटी कुठं ठोकू?’’

तिघंही एकमेकांकडं बघत राहिले.