आधी पर्जन्यमापक दाखवा

चिक्कडपल्लीचे सिटी सेंट्रल ग्रंथालय आणि लगतचे अशोकनगर म्हणजे परीक्षार्थींची पंढरी. आमच्या देगलूर-बिलोलीकडची मुलेही या हैदराबादेत येतात. त्यांतल्या काहींनी आता नवी वाट धरली आहे : हवामान-पर्यावरणाचे आकडे संगणकावर चाळायचे, मॉडेल बांधायचे. वाट चांगली आहे. आमचे भांडण आहे ते शिकवण्याच्या तऱ्हेशी.

तऱ्हा अशी, की तयार फाइल हाती द्यायची, दहा-बारा ओळींचा प्रोग्राम उतरवून घ्यायला लावायचा आणि पडद्यावर '95 टक्के अचूक' असे उमटले की प्रमाणपत्र! फाइलमधला पाऊस मोजला कुणी, कुठे, हे विचारण्याची सोयच नाही. मोजणारा रजेवर होता म्हणून रिकामी राहिलेली नोंद शून्य होऊन बसते आणि भर पावसाळ्यात कोरडा दिवस उगवतो.

साधी गोष्ट घ्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर चढतो. 13 ऑक्टोबर 2020 ला हैदराबादेवर कोसळलेला पाऊस म्हणूनच नोंदीत 14 तारखेला सापडतो. हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याचे मॉडेल सांगणार, की आधी पूर आला, मग पाऊस पडला! त्या पावसात बेगमपेठेला सुमारे 19 सेंटिमीटर, तर घटकेसरकडे 32 च्या आसपास नोंद झाली. पुण्याच्या हवामान खात्याची 1901 पासूनची पावसाची सारणी पाव अंशाच्या चौकोनांत आहे. एकेक बाजू पंचवीस किलोमीटरांहून मोठी. हुसेनसागरचे जादा पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याकाठी काय घडले, ते त्या एका आकड्यात कसे दिसावे?

आणि ते 95 टक्के? दिवस पत्त्यांसारखे पिसायचे, काही शिकायला, काही परीक्षेला. पावसाळ्यात आजचा दिवस बव्हंशी कालच्यासारखाच. म्हणजे उत्तरपत्रिका शेजारच्याच बाकावर! सबंध वर्षे बाजूला काढून, त्यांत पुराचे वर्षही घालून पारख करा, भलेभले गडगडतात.

28 सप्टेंबर 1908 ला मुसीने हैदराबाद बुडवले. त्यानंतर निजामाने बोलावलेले विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले. त्यांनी पाणलोटातले तलावच मोजून काढले : 788, आणि त्यांतले 221 फुटलेले. शमशाबादेला चोवीस तासांत पावणेतेरा इंचांवर पाऊस झाला होता, हेही हुडकले. या तपासातून पुढे उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) उभे राहिले. संगणक नव्हता, पण कुठला आकडा कुठून आला, हे त्यांना माहीत होते.

आमच्याकडे हा केवळ विद्वानांचा वाद नाही. महाराष्ट्रात अतिवृष्टी ठरवताना महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरची रेघ पाहिली जाते. मंडळाच्या गावी 60 भरला आणि दोन कोसांवरच्या शिवारात 90 कोसळला, तर वाहून गेलेल्या सोयाबीनने दाद कुणाकडे मागायची? उद्या हेच आकडे चाळण्याच्या खुर्च्या आपल्याच मुलांना मिळणार आहेत. तेव्हा पालकांनी फी मोजण्यापूर्वी वर्गचालकाला खुशाल विचारावे : मुलांना वेधशाळेत कधी नेता? नाल्याकाठी कधी?