बैलाचे दांत आणि आपले दांत

बैलबाजारांत गेलेला कोणताहि शेतकरी जनावराचें तोंड उघडल्यावांचून सौदा ठरवीत नाहीं. खालचा ओठ ओढून तो दांत पाहतो आणि बैल आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे कीं जुळलेला आहे, हें एका दृष्टिक्षेपांत सांगतो. दांत झिजलेले दिसले कीं तो किंमत पाडून मागतो. कारण ज्याचे दांत गेले त्याचें वैरण चावणें गेलें, व ज्याचें चावणें गेलें त्याचें अंग उतरलें, हें त्यास पक्कें ठाऊक असतें. परंतु त्याच गृहस्थास, तुमच्या स्वतःच्या तोंडांत किती दांत शिल्लक आहेत, असें विचारलें, तर उत्तर देण्यापूर्वीं त्यास जिभेनें मोजणी करावी लागते. पीकपाणी आणि बाजारभाव यांस वाहिलेल्या मासिकांत हा विषय कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या देहानें शेती करावयाची त्याची मशागत हीहि शेतीचीच बाब आहे, असें आमचें मत आहे.

हा उपदेश आम्ही उंच आसनावरून करीत नाहीं. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ महसूल खात्यांत कारकुनी केली. दुसऱ्यांच्या थकबाकीच्या याद्या काटेकोरपणें ठेविल्या. स्वतःच्या तोंडांतील थकबाकी मात्र कधीं पाहिली नाहीं. तंबाखू व चुन्याची डबी खिशांत, साखरेचा चहा दिवसांतून सहा वेळां, आणि दांत घासणें सकाळीं एकदां, तेंहि घाईनें. पन्नाशीच्या सुमारास एक दाढ ठणकूं लागली. लवंग दाबून धरली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. कांहीं दिवसांनीं दुखणें थांबलें व आम्हीं तें प्रकरण निकालांत काढलें. वस्तुतः दाढ बरी झाली नव्हती. तिच्यांतील नस मेली होती, आणि रोग मुळाखालीं आपलें काम करीतच होता. पुढें गाल सुजला, दाढ काढावी लागली, आणि सेवानिवृत्त होईपर्यंत तिच्यामागोमाग आणखी चार गेल्या. गेल्या हिवाळ्यांत शेतावर हुरड्यास नातवंडें जमलीं होतीं. आम्हीं मूठभर दाणे तोंडांत घोळविले आणि तसेच गिळले. तें पाहून सूनबाईनें कांहीं न बोलतां चटणीसाठीं आणलेला खलबत्ता उचलून आमच्यापुढें ठेविला. त्या दिवशीं आम्हांस आपली बाकी किती झाली तें कळलें.

"वय झालें कीं दांत पडावयाचेच," ही समजूत आमच्यांत खोल रुजली आहे, आणि सर्व हयगयीचें मूळ तीच आहे. ती खरी नाहीं. दांत जातात ते बहुधा दोन कारणांनीं. पहिलें कारण कीड. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करितात व त्या आम्लानें दांताचें कवच विरघळतें. दुसरें कारण हिरड्यांचा रोग. दांतांच्या मुळाशीं जंतूंचा चिकट थर सांचतो. तो वेळीं काढला नाहीं तर त्याचें कठीण कीटण होतें, हिरडी सुजते, घासतांना रक्त येतें, व शेवटीं दांत ज्या हाडांत रोविलेला असतो तें हाडच झिजतें. मुळाखालची माती वाहून गेल्यावर झाड कितीहि निरोगी असलें तरी उभें राहत नाहीं, तशीच ही गोष्ट आहे. हिरडी सरली कीं दांताचें मूळ उघडें पडतें. तें कवचाइतकें कठीण नसतें, म्हणून उतारवयांत तेथें कीड लवकर लागते. मधुमेह असल्यास हिरड्यांचा रोग बळावतो, आणि तो बळावला कीं रक्तांतील साखर आवरणें कठीण जातें.

उपाय मात्र खर्चाचा नाहीं. मऊ ब्रश व फ्लोराईड असलेली पेस्ट घेऊन दिवसांतून दोनदां, दोन दोन मिनिटें दांत घासावे. त्यांत रात्रीं निजण्यापूर्वींचें घासणें कधींहि चुकवूं नये. कारण झोपेंत लाळ कमी सुटते व जंतूंस मोकळें रान मिळतें. घासून झाल्यावर फेंस थुंकावा, पण लगेच भरपूर चुळा भरून पेस्टचा गुण धुऊन टाकूं नये. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील ज्या गांवीं पाण्यांतच फ्लोराईड अधिक आहे, तेथील लोकांनीं पेस्टविषयीं दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. बाभळीच्या वा निंबाच्या काडीची आम्ही निंदा करीत नाहीं. परंतु राख, विटेची पूड व कोळसा यांनीं दांत खरवडले जातात, उजळत नाहींत. ज्यांस कवळी आहे त्यांनीं ती रात्रीं काढून, घासून, पाण्यांत ठेवावी.

तंबाखूविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. गालांत धरलेला विडा असो वा घरांतील स्त्रियांची मशेरी असो, दोहोंनीं तोंडाचा कर्करोग होतो. मशेरीनें दांत बळकट होतात हें म्हणणें निव्वळ भ्रम आहे. तोंडांत पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असल्यास, अथवा तोंड पूर्वींइतकें उघडत नसल्यास एक दिवसहि दवडूं नये. तो चट्टा दुखत नाहीं, म्हणूनच तो फसवितो.

कोणी म्हणतील, दंतवैद्य दूर आणि महाग. आमचा अनुभव असा कीं, महाग पडतो तो उशीर. लहानशी कीड भरून घेणें स्वस्त. मेलेली दाढ वांचविणें महाग. गेलेल्या दाढेच्या जागीं नवी बसविणें त्याहून महाग. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बहुधा अल्प खर्चांत उपचार होतात. बाजारांत रस्त्यावर बसून दांत बसविणाऱ्यांच्या नादीं मात्र लागूं नये. कायद्याप्रमाणें दंतवैद्याची नोंदणी झालेली असावी लागते. ती आहे कीं नाहीं, हें विचारण्यांत संकोच कसला? सातबारा पाहिल्यावांचून आपण जमीन घेतों काय?

बैलास काय, माणसास काय, पक्के दांत एकदांच येतात. आमचे जे उरले आहेत त्यांच्यासाठीं आम्हीं तीन नेम केले आहेत: तंबाखू बंद, रात्रींचें घासणें अटळ, आणि दर सहा महिन्यांनीं तपासणी. पहिला नेम फार जड गेला, हें लपवीत नाहीं. दोनदां मोडला व तिसऱ्यांदां टिकला. साठीच्या उंबरठ्यावर नेम धरण्यांत लाज नाहीं. वांचलेली प्रत्येक दाढ ही पुढील वीस वर्षांची भाकरी आहे. बेंदरास वा पोळ्यास आपण बैल धुतों, शिंगें रंगवितों, पुरणपोळी भरवितों. यंदा त्याच दिवशीं प्रत्येक वाचकानें आरशासमोर उभें राहून, उजेडांत, आपलेंहि तोंड एकदां उघडून पाहावें, इतकीच आमची विनंति आहे.