आजीचे पुराण

कुरुंद्यास हळद शिजविण्याचे दिवस आले, की आम्हांस आजीचे स्मरण होते. नव्वदी उलटली तरी तिचा हात कधी रिकामा दिसला नाही. पण तिच्या कष्टांची एक ओळही घरात लिहिलेली नाही. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई १९५० साली वारल्या. बालवैधव्य, १८८९ त शारदासदनात प्रवेश, १८९३ त पुनर्विवाह, मुरूडकरांचा बहिष्कार, पतीने आश्रमास सर्वस्व वाहिले असता ओढलेला संसार, हे सारे ‘माझे पुराण’ म्हणून १९४४ साली ग्रंथरूप झाले. त्याचे संपादन कावेरीबाई कर्वे या त्यांच्या सुनेने केले. भगिनींनो, आमच्या आजीस विचारावयाचे राहून गेले. आपल्या घरच्या वृद्धेजवळ आज वही घेऊन बसा.