पाठीवरचा वारा

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. विमानाला मात्र दोऱ्यापेक्षा वाऱ्याचं मन राखावं लागतं. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियानं या मार्गावरचं आपलं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. नेहमीची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, ही १५,३०० ची. तरी साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास आधीच ते पोचलं! उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहणारा वारा एरवी तोंडावर यायचा, तो आता पाठीशी होता. त्यातून गंमत अशी, की रविवारी पहाटे चारला निघालेली मंडळी वाटेत वाररेषा ओलांडून शनिवारात शिरली आणि रविवारी सकाळीच उतरली. (शनिवारचा उपवास करणाऱ्यांनी काय करायचं, हे त्यांचं त्यांनी बघावं.) वाऱ्याशी निदान जुळवून घेता येतं, राजकारणाशी तेही नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला थांबू लागली. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या पुण्याच्या आजीबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा सांभाळत, सुजलेल्या पायांनी, खिडकीतून इंधनाचा टँकर किती वेळ बघत बसायचं? तिकीट काढताना मी हल्ली किलोमीटर बघतच नाही. आधी कडेची सीट मिळते का ते बघतो.