गाडी तुमची, किल्ली कंपनीची

न्यू जर्सीतील एडिसन हे गाव मराठी माणसाला आता परके राहिलेले नाही. येथील ओक ट्री रोडवर किराणा आहे, मिठाई आहे, साड्यांची दुकाने आहेत. फक्त तिथवर पोहोचण्यासाठी मोटार लागते. मोटार ही त्या उपनगरी जीवनात चैन नसून पायांसारखी गरज आहे. अशा एखाद्या मराठी घरातील जेमतेम दीड वर्षाची गाडी एके सकाळी सुरूच होत नाही. ती ओढून अधिकृत सेवा केंद्रात नेली जाते. केवळ तपासणीसाठी दहा दिवसांनंतरची तारीख मिळते. दहा दिवसांनी कळते की एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बदलावा लागेल आणि तो भाग ‘बॅकऑर्डर’वर आहे. कधी येईल? काउंटरवरचा माणूस अत्यंत सौजन्याने सांगतो, ‘निश्चित सांगता येत नाही.’

एक महिना जातो, दुसरा सुरू होतो. कर्जाचा हप्ता थांबत नाही, विम्याचा हप्ता थांबत नाही. घरातील एकाला कचेरीत जाण्यासाठी सहकाऱ्याची मनधरणी करावी लागते. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील खिडकीशी बसून राहतात. फोनवर ही हकीकत ऐकणाऱ्या इकडच्या नातलगांचा मात्र विश्वासच बसत नाही. ‘अमेरिकेत असे होते?’

होते. हे घर काल्पनिक असले, तरी त्याचा अनुभव अपवादात्मक नाही. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसे परदेशातील ‘सर्व काही वेळेवर’ हे चित्र आपल्या मध्यमवर्गाने वर्षानुवर्षे मनात जपले आहे. पण ही केवळ भ्रमनिरासाची कथा नाही. जगातील सर्वाधिक मोटारवेड्या देशात एक गाडी दुरुस्त व्हायला दोन महिने का लागावेत, या प्रश्नाच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा खरा मालक कोण?

संकटे खरी, पण सबबही सोयीची

कंपन्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०२१ मध्ये साऱ्या जगात सेमीकंडक्टर चिपचा दुष्काळ पडला आणि मोटारींचे कारखाने थांबले. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेने संप पुकारला. पहिल्या आठवड्यानंतर तो दोन मोठ्या कंपन्यांच्या ३८ सुटे भाग वितरण केंद्रांत पसरला. जून २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतील सुमारे १५ हजार वाहनविक्रेते ज्या संगणक प्रणालीवर विसंबून होते, तिच्यावर सायबर हल्ला झाला. अनेक ठिकाणी दुरुस्तीची नोंद पुन्हा कागद-पेन्सिलीने करण्याची वेळ आली. शिवाय अमेरिकन रस्त्यावरील गाड्यांचे सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षांवर गेले. गाड्या म्हाताऱ्या होत चालल्या आणि त्यांना बरे करणारे हात कमी पडू लागले. तेथील सरकारी श्रमविभागाच्या अंदाजानुसार मोटार तंत्रज्ञांच्या सुमारे ७० हजार जागा दरवर्षी भराव्या लागणार आहेत.

हे सारे खरे आहे. परंतु चिपचा दुष्काळ सरला, संप मिटला, प्रणाली पूर्ववत झाली. रांग मात्र हटली नाही. संकट हे कारण असते, तर संकटाबरोबर विलंबही ओसरायला हवा होता. तो ओसरत नाही, कारण शेकडो दारे बंद करून एकच दार उघडे ठेवण्याची व्यवस्था जाणीवपूर्वक उभारली गेली आहे. एका दारापुढे रांग लागणारच!

त्या एका दाराच्या आतला हिशोबही समजून घेण्यासारखा आहे. तेथील पुष्कळ तंत्रज्ञांना प्रत्यक्ष खर्ची पडलेल्या तासांवर वेतन मिळत नाही. प्रत्येक कामाला जे ‘पुस्तकी’ तास ठरलेले असतात, त्यांवर ते मिळते. वॉरंटीतील कामांचे तास निर्माता ठरवतो आणि ते अपुरे असतात, ही तंत्रज्ञांची जुनी तक्रार आहे. मग रोख पैसे देणाऱ्याची गाडी आधी आणि वॉरंटीवाल्याची नंतर घेण्याचा मोह होतो. यात दोष हातात पाना घेतलेल्या माणसाचा नसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात अर्थ नाही.

कुलूप कोणी घातले?

याच देशात १९०८ साली हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ रस्त्यावर आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. खेड्यातील शेतकरी ती आपल्या गोठ्याशेजारी चार हत्यारांनी दुरुस्त करी. साधेपणा आणि कोणालाही बसवता येतील असे एकसारखे सुटे भाग, हेच तिच्या यशाचे मर्म होते. शंभर वर्षांत हे चक्र उलटे फिरले. आज पुष्कळ गाड्यांत नवा भाग नुसता बसवून चालत नाही. कंपनीच्या संगणकाने त्या गाडीशी त्याची ओळख करून दिल्याशिवाय तो कामच करत नाही. समोरची काच बदलली, तर काचेमागील कॅमेऱ्याचे मापन पुन्हा करावे लागते. म्हणजे कोपऱ्यावरचा कुशल मेकॅनिक दोष ओळखतो, भागही मिळवतो, पण शेवटचे कुलूप त्याला उघडता येत नाही. पाना त्याच्या हातात असतो, किल्ली कंपनीच्या.

अमेरिकन नागरिकाने हे निमूटपणे सोसले नाही, हे नोंदवले पाहिजे. १९९६ पासून तेथे प्रत्येक नव्या मोटारीत दोषनिदानाचे प्रमाणित सॉकेट सक्तीचे झाले. ते मुळात प्रदूषण नियंत्रणासाठी असले, तरी स्वतंत्र गॅरेजवाल्याला त्यामुळे गाडीच्या पोटात डोकावता आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी सुमारे ८६ टक्के मतांनी ‘दुरुस्तीच्या हक्काचा’ कौल दिला. निर्मात्यांना तो इतका जड गेला की, २०१४ मध्ये त्यांनी त्याच धर्तीचा समझोता देशभरासाठी मान्य केला.

पण एक पळवाट उरली होती. गाडीतील माहिती बिनतारी मार्गाने थेट कंपनीकडे जाऊ लागली होती आणि ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. सॉकेटचे दार उघडे राहिले, पण माहिती दुसऱ्याच वाटेने निघून गेली! २०२० मध्ये तेथील मतदारांनी पुन्हा, सुमारे ७५ टक्के मतांनी, ही वाटही मोकळी करण्याचा कौल दिला. निर्मात्यांची संघटना लगेच न्यायालयात गेली. संघराज्य न्यायालयाने तिचे आव्हान फेटाळले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. लोकांनी एका दिवसात दिलेला कौल चार वर्षे न्यायालयात ताटकळला. मेन राज्यात २०२३ मध्ये हाच प्रश्न मतदानाला आला, तेव्हा होकार सुमारे ८४ टक्क्यांचा होता. पक्षभेदांनी दुभंगलेल्या समाजात इतके एकमत क्वचितच दिसते.

सुरक्षेचा बागुलबुवा

कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे. दुरुस्ती सर्वांना खुली केली तर सुरक्षितता धोक्यात येईल, चोर-दरोडेखोरांना माहिती मिळेल. २०२० च्या प्रचारात तर अंधाऱ्या वाहनतळावर एकट्या स्त्रीचा पाठलाग होत असल्याच्या जाहिराती दाखवल्या गेल्या. ब्रेक आणि सुकाणू यांच्याशी खेळ होऊ नये, हे कोणीही मान्य करील. परंतु त्यावर उपाय म्हणजे तंत्रज्ञाचे प्रशिक्षण, परवाना आणि जबाबदारी. मक्तेदारी हा उपाय नव्हे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने मे २०२१ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात स्पष्ट म्हटले की, दुरुस्तीवरील निर्बंधांच्या समर्थनार्थ निर्माते देत असलेल्या कारणांना फारसा पुरावा आढळत नाही. आणि ज्या गाडीचा बिघाड घरच्या माणसांना दोन महिने घरात कोंडून ठेवतो, तिच्या मालकाला सुरक्षेचे प्रवचन देण्याचा अधिकार कोणाला?

तोंड दाबून बुक्क्यांचा मार

आता प्रश्न आपल्या माणसांचा. परदेशी राहणारा भारतीय हा तेथील सर्वांत सोशिक ग्राहक आहे. ‘आपण येथे पाहुणे, उगाच वाद कशाला’ ही वृत्ती त्याच्या अंगात मुरलेली असते. व्हिसाची टांगती तलवार असलेल्याला तर तक्रार अर्ज म्हणजे संकटाला आमंत्रण वाटते. ही भीती निराधार आहे. सदोष गाडीबद्दलचा हक्क खरेदीदार म्हणून मिळतो. त्याचा व्हिसाशी संबंध नाही.

आणि हक्क थोडेथोडके नाहीत. न्यू जर्सीच्या ‘लेमन लॉ’नुसार पहिल्या दोन वर्षांत किंवा २४ हजार मैलांच्या आत, यांपैकी जे आधी होईल तोवर, वॉरंटीतील गंभीर दोषासाठी नवी गाडी एकूण २० दिवस कार्यशाळेत अडकली आणि दोष कायम राहिला, तर मालक दाद मागू शकतो. त्याआधी निर्मात्याला पोचपावतीच्या नोंदणीकृत पत्राने दुरुस्तीची शेवटची संधी द्यावी लागते. कॅलिफोर्नियात १९७० चा ग्राहक वॉरंटी कायदा वॉरंटीतील दुरुस्तीला सामान्यतः ३० दिवसांची मर्यादा घालतो. निर्मात्याच्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी ती वाढू शकते. ग्राहकाने लेखी संमती दिली तरीही ती वाढते, म्हणून काउंटरवर पुढे सरकवलेल्या कागदावर न वाचता सही करण्याची घाई नको. १९७५ च्या संघीय कायद्यानुसार केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही.

हे हक्क आपोआप घरी चालत येत नाहीत. गाडी सोपवल्याची आणि परत मिळाल्याची तारीख असलेली प्रत्येक दुरुस्ती-पावती जपावी लागते. फोनवरच्या गोड आश्वासनाऐवजी लेखी उत्तर मागावे लागते. पर्यायी गाडीची मागणी पहिल्याच दिवशी करावी लागते. विम्यातील भाड्याच्या गाडीची सोय बहुधा अपघाताच्या दाव्यापुरती आणि अनेकदा ३० दिवसांपुरती असते, हे आधी वाचून ठेवावे लागते. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हा अनुभव साता समुद्रापारही खरा आहे.

इकडे काय चालले आहे?

‘तिकडचे रडगाणे इकडे कशाला’ असे कोणी म्हणेल. पण इकडची वाटही त्याच दिशेने जाते आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप हाच होता की, अस्सल सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न देता ग्राहकाला अधिकृत केंद्रांकडेच बांधून ठेवले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात मोटार क्षेत्राचाही समावेश आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण पोर्टल म्हणजे माहितीची सोय, ती हक्काची जागा घेऊ शकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढेच दाद मागण्याची मुभा दिली आहे. तिचा वापर किती जण करतात?

आपल्या गल्लीच्या तोंडाशी, हातांना ग्रीस माखलेला जो मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगतो, त्याच्याकडे नवश्रीमंत मध्यमवर्ग नाक मुरडून पाहू लागला आहे. त्याला प्रशिक्षण द्यावे, साधने द्यावीत, हिशोबाची पावती द्यायला लावावी, त्याचे चुकेल तिथे जाबही विचारावा. पण त्याला देशोधडीला लावू नये. तो गेला की उरते ते एकच काचेचे दार, त्यामागचे सौजन्य आणि ‘निश्चित सांगता येत नाही’ हे उत्तर. एडिसनमधील आई-वडील खिडकीशी बसून जे अनुभवत आहेत, तेच उद्या कोथरूडमध्ये अनुभवायचे नसेल, तर नवी गाडी घेताना रंग आणि सवलत विचारण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ही बिघडल्यावर दुरुस्त कोण कोण करू शकेल? ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्या हाती नाही, ती वस्तू आपल्या मालकीची नाही.